किल्लीसह देणे : विदर्भातील भाषाभ्यासाच्या साधनांची देवाणघेवाण

भाषेच्या अभ्यासकाला आणि भाषेच्या अध्यापकाला लागणारी साधने कोणती, असा प्रश्न विचारला असता कोश, व्याकरणे, जुन्या संहिता, बोलींचे नमुने, ध्वनिमुद्रणे, प्रबंध, पाठ्यपुस्तके अशी यादी कोणालाही सांगता येईल. ही साधने कशी निर्माण होतात याचा विचारही आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु निर्माण झालेले साधन एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे, विद्यापीठातून शाळेत, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते कसे, आणि पुष्कळदा जात का नाही, हा प्रश्न मात्र ग्रंथपालांचा, प्रशासनाचा किंवा अलीकडे संगणकतज्ज्ञांचा म्हणून बाजूला ठेवला जातो. तो भाषाभ्यासाच्या कक्षेतीलच प्रश्न आहे असे मानून विदर्भापुरता त्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. साधन हाती येणे आणि ते उपयोगात आणता येणे यांत अंतर असते. ते अंतर जिच्यामुळे मिटते तिला येथे 'किल्ली' म्हटले आहे. महानुभाव पंथाच्या लिप्यांच्या बाबतीत हा शब्द शब्दशः लागू पडतो, म्हणून आरंभ तेथूनच करणे सोयीचे.

म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात 'लीळाचरित्र' सिद्ध केले, हे अभ्यासकांना विदितच आहे. त्यांनी अवलंबिलेल्या पद्धतीकडे मात्र भाषाभ्यासाच्या दृष्टीने पुरेसे लक्ष गेलेले नाही. चक्रधरांचा सहवास ज्यांना लाभला होता अशा व्यक्तींकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी मिळविल्या आणि त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यानंतर स्मरणाच्या आधारे संहितेची पुनर्रचना झाली, तेव्हा एकाच लीळेची निरनिराळ्यांना निरनिराळी आठवत असलेली रूपे 'वासना' या संज्ञेखाली नोंदविण्यात आली. कोणता पाठ कोणाच्या परंपरेतून आला हे सांगण्याची चाल पंथात रूढ झाली. 'हिराइसा पाठ' हे त्याचे एक उदाहरण. आजच्या क्षेत्रीय भाषावैज्ञानिकाने सामग्रीचा निवेदक, स्थळ आणि पाठभेद नोंदवावेत अशी आपली अपेक्षा असते. ती अपेक्षा मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथाभोवती श्रद्धेपोटी का होईना पूर्ण झालेली दिसते. मतभेद मिटवून टाकून एकच गुळगुळीत संहिता पुढे देणे त्यांना सोपे होते, पण ते त्यांनी केले नाही.

याच पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. सुंदरी आदी इतरही लिप्या प्रचलित होत्या. या लिप्या कशासाठी निर्माण झाल्या याविषयी मतभेद आहेत. धर्मग्रंथांचे पावित्र्य राखण्यासाठी, विरोधकांपासून संरक्षणासाठी, की लेखनाच्या सोयीसाठी, याचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. परिणाम मात्र दुहेरी झाला. मर्यादित वर्तुळात नकलल्या गेल्यामुळे या ग्रंथांची भाषा, इतर लोकप्रिय प्राचीन ग्रंथांच्या तुलनेने, पुष्कळच कमी बदलली. यादवकालीन मराठीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आज जी सामग्री मिळते तिचे मोल या बंदिस्तपणामुळेच वाढले आहे. दुसरीकडे, एवढे मोठे गद्यवाङ्मय शतकानुशतके मराठी वाङ्मयविचाराच्या बाहेर राहिले. पंथाचे मठ पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत पोहोचले. तेथे मराठी ही धर्मभाषा म्हणून वाचली जात होती. आणि त्याच काळात महाराष्ट्रातील सुशिक्षिताला या पोथ्यांचे एक पानही लावता येत नव्हते. पोथी डोळ्यांसमोर असली तरी तिची किल्ली नसेल तर ती नसल्यासारखीच, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मराठीत सापडणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ही स्थिती पालटली. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि त्यांच्या मागोमाग वि. भि. कोलते यांच्या परिश्रमांतून लिप्यांचा उलगडा, ग्रंथांच्या सूची आणि संपादित संहिता अभ्यासकांपुढे आल्या. देशपांड्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालचे. यवतमाळच्या शारदाश्रमाचे कार्यही याच संदर्भात आठवावे लागते. नेने यांनी 'लीळाचरित्रा'चे भाग १९३०च्या दशकात नागपुरातून प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती १९६४ ते १९६७ या काळात निघाली, आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या कोलत्यांची आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. या इतिहासात संशोधकांचा वाटा आपण आदराने सांगतो, आणि तो सांगावयासच हवा. पण ज्या महंतांनी पोथ्या दाखविल्या, लिपी वाचून दाखविली, आपल्या परंपरेचा अर्थ समजावून दिला, त्यांच्याविना यांपैकी एकही ग्रंथ सिद्ध झाला नसता. देणाऱ्याचा विश्वास हीसुद्धा एक किल्ली आहे, आणि ती कोणत्याही विद्यापीठाला आदेश काढून मिळविता येत नाही.

तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला. तो या सर्व परिश्रमांचे पुढचे फळ आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात तो आता कोणालाही शब्द टाकून पाहता येतो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मॅक्सीन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोशही तेथे आहेत. गडचिरोलीच्या एखाद्या महाविद्यालयातील अध्यापकाला 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सगळे खंड पाहण्यासाठी पूर्वी नागपूरला यावे लागे, आणि आल्यावरही हवा तो खंड जागेवर मिळेलच याची खात्री नसे. हा बदल लहान नव्हे. मात्र या कोशांच्या महाजालावरील रूपांचा उपक्रम परदेशातील विद्यापीठात आकारास आला, याची नोंद आपण मनाशी करून ठेवावी.

आता बोलींकडे वळू. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. तो सिद्ध करण्यात स्टेन कोनो यांचा वाटा मोठा होता. या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी यांना स्थान आहे. सर्वेक्षणाची रीत टपालाची होती. एक ठरावीक बोधकथा आणि शब्द-वाक्यांची एक ठरावीक यादी जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविली जाई, स्थानिक अधिकारी ती कोणाकडून तरी तेथील बोलीत उतरवून घेत व परत धाडीत. या पद्धतीचे दोष अनेकांनी दाखविले आहेत. लिहिणारा बहुधा शिक्षित असे आणि बोली त्याच्या कानाला अशुद्ध वाटे, हा त्यांतला मुख्य. तरीही या संग्रहाचा एक गुण मान्य केला पाहिजे. सर्वांनी एकच मजकूर उतरविल्यामुळे नागपूरचा नमुना रत्नागिरीच्या नमुन्याशेजारी ठेवून वाचता येतो. पुढे १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्यांवर नमुने घेण्यात आले, त्यांत मध्य प्रांताचाही समावेश होता. ही ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास उपलब्ध आहेत. बी. ए.च्या वर्गात शंभर वर्षांपूर्वीचा आवाज ऐकविला असता विद्यार्थी किती वेळ स्तब्ध बसतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला साधनांच्या देवाणघेवाणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची ग्रंथमाला हाती घेतली. तिच्या प्रसिद्ध खंडांचा भर मुख्यतः कोकण व किनारपट्टीच्या बोलींवर राहिला. विदर्भातील बोलींचे वर्णन मग स्थानिक अभ्यासकांनी केले. व. कृ. वऱ्हाडपांडे यांचा 'नागपुरी बोली : भाषाशास्त्रीय अभ्यास', विठ्ठल वाघ यांचे वऱ्हाडीविषयक लेखन, हरिश्चंद्र बोरकर यांचा झाडीबोलीचा कोश ही त्यांतली परिचित नावे. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड २०१३ साली निघाला. राज्य मराठी विकास संस्था आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय यांच्या सहकार्याने झालेल्या बोली-सर्वेक्षणात तर निवेदकांची ध्वनिमुद्रणे महाजालावर सर्वांसाठी खुली झाली आहेत.

साधने नाहीत अशी तक्रार करण्यास यानंतर फारसा आधार उरत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती एका शब्दाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तो शब्द 'वऱ्हाडी' हाच.

या शब्दातील दुसरे अक्षर आपण ज्या तऱ्हेने लिहितो, म्हणजे रकाराची आडवी चंद्रकोरीसारखी खूण करून, ती मराठीची खास गरज आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्यांतील भेद त्या खुणेवर उभा आहे. पहिल्या जोडीत समुद्र आणि डोंगरांमधल्या घळी, दुसरीत विद्वान आणि स्वयंपाकी. संगणकावर ही खूण दोन निराळ्या मार्गांनी उमटविता येते. एका मार्गात खाली नुक्ता असलेला रकार, त्याला हलन्त आणि पुढे हकार अशी नोंद होते. दुसऱ्या मार्गात साधा रकार, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग हकार. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. शोध घेणारी योजना हा भेद मुद्दाम मिटवीत नसेल, तर एका रूपाने शोध घेणाऱ्याला दुसऱ्या रूपात साठविलेला लेख सापडत नाही. बोलीचे नावच जर दोन पेट्यांत विभागले जात असेल, तर त्या बोलीवरील लेखनाचे काय होत असेल याची कल्पना करावी. 'ॲ' या अक्षराचेही असेच झाले आहे. त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, आणि तत्पूर्वीचे पुष्कळ लेखन अकारावर चंद्र चढवून केलेले आहे.

ही झाली सर्वमान्य संकेतप्रणालीतील अडचण. तिच्या आधीच्या काळातील अडचण याहून गंभीर आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालीच झाला होता, परंतु आपल्याकडील टंकलेखन केंद्रे, मुद्रणालये आणि विद्यार्थी यांनी त्यानंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या उत्पादकांचे टंक वापरले. त्या टंकांत मराठी अक्षरांच्या आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर प्रबंधांच्या संगणकीय प्रती 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागल्या, ही अत्यंत स्वागतार्ह गोष्ट होय. पण जुन्या टंकांत सिद्ध झालेला प्रबंध तेथे वाचता येत असला, तरी त्यातील वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले की निरर्थक रोमन अक्षरांची रांग हाती येते, आणि शब्द टाकून शोधू जावे तर काहीच सापडत नाही. एका परीने ही आपल्या काळातील सकळ लिपीच होय. फरक एवढाच की रवळोबासांच्या लिपीमागे हेतू होता आणि तिची किल्ली जपणारी माणसे होती. आपण मात्र ही लिपी नकळत निर्माण केली, आणि तिची किल्ली एखाद्या बंद पडलेल्या टंकलेखन केंद्राच्या संगणकाबरोबर भंगारात गेली. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या प्रबंधाची तबकडी आजही कपाटात आहे. ती वाचणारे यंत्र मोठ्या खटपटीने मिळाले; टंक मिळाला नाही.

तंत्राची अडचण मात्र पैसा आणि श्रम यांनी सुटू शकते. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या योजना उपलब्ध आहेत, मुद्रिते तपासावी लागतात इतकेच. ज्या किल्लीविषयी अधिक चिंता वाटावी ती अभ्यासकाच्या मनातली आहे. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतील ळकाराच्या जागी पुष्कळदा यकार ऐकू येतो : 'डोळा'चा 'डोया', 'काळा'चा 'काया'. णकाराच्या जागी नकार येतो. लोककथा उतरवून घेणारा एक विद्यार्थी 'डोया' लिहितो, दुसरा वाचकाच्या सोयीसाठी 'डोळा' करतो, तिसरा एका पानावर एक व दुसऱ्या पानावर दुसरे लिहितो. निवेदकानेच दोन्ही उच्चार केले असण्याचाही संभव असतो. शाळा शिकलेला माणूस पाहुण्यासमोर ळकार उच्चारतो आणि घरात यकार. आपण काय केले हे संग्राहकाने प्रस्तावनेत दोन ओळींत सांगितले नाही, तर त्याचा संग्रह ध्वनिविचाराच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो, कथेच्या दृष्टीने तो कितीही सरस असो. आपल्या विभागांतून झालेल्या बोलीविषयक प्रबंधांपैकी पुष्कळांत परिशिष्टात शब्दसूची असते, पण शब्द कोणाकडून, कोणत्या गावी, कधी घेतला याचा उल्लेख नसतो. 'वासना' नोंदविणाऱ्या महानुभाव लेखकांनी हे प्रबंध पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते, असा विचार कधी कधी मनात येतो.

अध्यापकांच्या बाबतीत देवाणघेवाणीचा प्रश्न याहून निराळा आहे. नागपूरकडील मूल 'तू काय करून राहिला?' असे सहज विचारते. चालू क्रियेचा हा प्रयोग येथील बोलीत पूर्णपणे नियमबद्ध आहे. प्रमाण भाषेच्या वहीत मात्र तो लाल शाईने खोडला जातो. अनुभवी शिक्षकाला ठाऊक असते की हा प्रयोग चूक म्हणून न खोडता 'करतो आहेस'च्या शेजारी ठेवून शिकविला, तर मूल दोन्ही रूपे आत्मसात करते. असे ज्ञान तीस-तीस वर्षांच्या अध्यापनातून साठते आणि निवृत्तीच्या दिवशी त्या शिक्षकाबरोबर घरी जाते. बालभारतीची पाठ्यपुस्तके आज कोणालाही विनामूल्य मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंक वाचता येतात, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश महाजालावर पाहता येतात. परंतु विदर्भातील मुलांच्या लेखनात कोणत्या गोष्टी वारंवार दिसतात आणि त्यांपैकी बोलीच्या किती व निव्वळ अनवधानाच्या किती, याची एकही सामायिक वही आपल्यापाशी नाही. भाषावैज्ञानिकाला जी सामग्री क्षेत्रकार्य करून मिळवावी लागते, ती शिक्षकाच्या टेबलावर रोज तपासणीसाठी पडलेली असते. गोंडी किंवा झाडीबोली घरात बोलणाऱ्या मुलांच्या शाळांत तर ही वही मोलाची ठरेल.

शब्द वरून खाली वाटून ही उणीव भरून निघत नाही, याचा अनुभव नागपूरने एकदा घेतला आहे. डॉ. रघुवीर यांची संस्था १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षे येथे होती आणि प्रशासन व विज्ञान यांसाठी संस्कृतोद्भव परिभाषेचे प्रचंड काम तिने केले. त्या कामामागील विद्वत्तेविषयी शंका नाही. पण ज्यांनी ते शब्द कचेरीत आणि वर्गात वापरावयाचे, त्यांच्याकडून काही परत येण्याची वाट त्या योजनेत अरुंद होती. त्यातील काही शब्द रुळले, अनेक कोशातच राहिले.

याउलट पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने भाषाविज्ञानाचे जे उन्हाळी वर्ग भरले, त्यांत देशभरातील अध्यापक एकत्र राहून शिकले व परत जाऊन आपापल्या भाषांचे वर्णन करू लागले. अशोक केळकर यांच्या पुढाकाराने १९८२ साली मराठी अभ्यास परिषद स्थापन झाली आणि 'भाषा आणि जीवन' हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात भाषावैज्ञानिक, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक एकाच पानावर एकमेकांना उत्तरे देत. संधींची वाटणीही अशाच मार्गांनी होते. चर्चासत्राची, कार्यशाळेची किंवा अधिछात्रवृत्तीची वार्ता आज क्षणार्धात सर्वत्र जाऊ शकते. तरीही गोंदिया किंवा अहेरीच्या अध्यापकाला ती पुष्कळदा मुदत संपल्यावर कळते, कारण ती ज्यांच्याकडे आधी येते ते आपल्या ओळखीच्या वर्तुळातच ती पुढे पाठवितात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ओळखीच्या बाहेरचा माणूस आठवतच नाही, इतकेच.

ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा २०२३ साली झाला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. यातून निधी येईल, प्रकल्प निघतील, पोथ्यांची छायाचित्रे घेतली जातील. छायाचित्रांबरोबर लिप्यंतर, लिप्यंतराबरोबर पोथीचा ठावठिकाणा, आणि मठाने कोणत्या अटीवर पोथी दाखविली त्याची नोंद, एवढे तरी प्रत्येक वेळी व्हावे, असा आग्रह विदर्भातील मराठी विभागांनी आरंभापासूनच धरावयास हवा. सर्व काही सर्वांसाठी खुले करावे असा याचा अर्थ नव्हे. एखादी पोथी पंथीयांना बाहेर द्यावीशी वाटत नसेल, एखाद्या निवेदिकेने सांगितलेली घरगुती हकिकत तिला जगाला ऐकवायची नसेल, तर ती मर्यादाही सामग्रीचाच भाग म्हणून नोंदली गेली पाहिजे.

गेल्या काही वर्षांपासून आमच्या विद्यार्थ्यांनी संकलित केलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक पानाची टीप जोडण्याचा प्रघात आम्ही ठेवला आहे : गाव, दिनांक, निवेदकाचे वय, संमती, लेखनाची रीत, आणि वापरलेला टंक. टिपेतील शेवटचा रकाना उशिरा वाढविला. एका विद्यार्थिनीने नागपूर जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकरी स्त्रीकडून जात्यावरच्या गाण्यांविषयी माहिती घेतली. काम आटोपून ती निघाली तेव्हा त्या बाईंनी विचारले, "आमचं बोलनं तुमी घेऊन चालले, आमच्यापाशी काय ठिवून राहिले?" विद्यार्थिनीने तेथेच बसून ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या नातवाच्या भ्रमणध्वनीवर उतरवून दिली. टिपेत आता 'प्रत कोणास दिली' असा रकाना आहे.